थंडीतली वाकटी: कोवन क्रीकमध्ये रात्री गरवायला जाताना

तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सैल पडला की खाली मासा आहे असं समजा. हेअरटेल गरवायला पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी होडीत बसायच्या आधी एवढं एकच सांगते. बाकीच्या माशांनी आपल्या हाताला उलटं शिकवलेलं असतं: ओढ लागली, दांडी वाकली, की दे हिसका. इथे हिसका दिलात की रिकामा गळ वर येतो.

हेअरटेल म्हणजे आपली वाकटीच. कुणी बगा म्हणतं, कुणी बाळा. चपटा, पट्ट्यासारखा लांब, अंगावर एकही खवला नाही, शेपटीला पर नाही, नुसती दोऱ्यासारखी निमुळती होत गेलेली. माझं माहेर गुहागरकडचं. तिथे अंगणात दोरीवर वाळणाऱ्या वाकट्या वीतभर, फार तर हातभर. सिडनीच्या उत्तरेला हॉर्न्सबीत राहायला आल्यावर शेजारच्या आजोबांनी एकदा त्यांचा मासा दाखवला. त्यांनी तो खांद्याइतका उंच धरला होता आणि शेपटी जमिनीवर टेकत होती. दात पाहून मी ओळखला. त्याच आजोबांनी पुढे मला तो गरवायला शिकवला. आता माझे अकरा हिवाळे झालेत, आणि खाली लिहिलंय ते त्यांच्याकडून घेतलेलं आणि नंतर पाण्यावर स्वतः तपासलेलं.

हंगाम मे ते ऑगस्ट. मध्येच एखाद्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्येही थवा आत शिरतो, पण त्याच्या भरवशावर बेत आखू नका. हा मासा मूळचा समुद्राचा. सिडनीच्या उत्तरेकडच्या ब्रोकन बेमधून हॉक्सबरी नदीच्या मुखात येतो आणि तिथून कोवन क्रीकच्या खोल, शांत फाट्यांमध्ये जाऊन बसतो. काही हिवाळे तो येतच नाही. माझे एकदा लागोपाठ सहा शनिवार कोरडे गेले होते आणि सातव्याला दोन तासांत चार मासे मिळाले. म्हणून एका रात्रीवरून जागेला नाव ठेवायचं नाही.

रात्र अंधारी हवी. अमावास्येच्या आसपासचे आठ दिवस मी कॅलेंडरवर आधीच राखून ठेवते. चांदण्यात मासा मिळत नाही असं नाही, पण तेव्हा तो फार खोल राहतो असा माझा अनुभव आहे. जूनमध्ये सूर्य पाचच्या आतच मावळतो, तेव्हा चारला जागेवर पोचायचं, उजेडात नांगर टाकायचा, जेवून घ्यायचं आणि अंधार पडताना गळ पाण्यात असायला हवेत. पहिला दीड तास आणि पहाटेचा एक तास हे खरे. ढगाळ दिवशी उंच कड्याच्या सावलीत दुपारीही मासा लागलेला मी पाहिला आहे.

भरती-ओहोटीचा मी फार बाऊ करत नाही. पाणी जोरात वाहत असेल तर आमिष तिरकं जातं आणि खोलीचा अंदाज चुकतो, एवढंच. भरती संपून पाणी थांबतं तो अर्धा तास मात्र हातातली चहाची कपबशीसुद्धा खाली ठेवायची.

जागा कोणती? नावं सगळ्यांना माहीत आहेत: जेरुसलेम बे, वाराटा बे, स्मिथ्स क्रीक, कोल अँड कँडल क्रीकमधला अकुना बे. माझा जीव जेरुसलेम बेवर आहे, कारण पहिली दोन वर्षं होडी नव्हती तेव्हा मी तिथे पायी जायची. कोवन स्टेशनवर गाडीतून उतरायचं, मोटरवेवरचा पादचारी पूल ओलांडायचा आणि ग्रेट नॉर्थ वॉकची पायवाट धरून खाली खाडीकडे उतरायचं. वाट खडकाळ आहे, पायऱ्या उंच आहेत आणि परतताना ओला मासा पाठीवर घेऊन ती सगळी चढायची असते. एकट्याने जाऊ नका. डोक्याला बांधायचा दिवा एक लावलेला आणि एक पिशवीत, असे दोन घ्या. खाडीच्या अगदी टोकाला पाणी उथळ आहे, तिथे थांबण्यात अर्थ नाही. काठाकाठाने पुढे जाऊन जिथे कडा सरळ पाण्यात उतरतो तिथे बसा.

होडी असेल तर ब्रुकलिनच्या पार्स्ली बेमधून उतरवा. कु-रिंग-गाय चेस राष्ट्रीय उद्यानाच्या आतले रॅम्प जवळ वाटतात, पण उद्यानातल्या रस्त्यांची काही फाटकं संध्याकाळी बंद होतात. आपण तर रात्री बाहेर पडणारे, त्यामुळे वेळा आधी बघून घ्या. पार्स्ली बेहून निघून कोवन क्रीकच्या तोंडातून दक्षिणेला वळलात की जेरुसलेम बे उजव्या हाताला लागतो. नांगर दोरीला ढील देऊन टाका, म्हणजे तो नीट धरतो, पण होडी फिरतेय का बघत राहा, ती गोल गोल फिरली तर गळांच्या दोऱ्यांचा गुंता होतो. सार्वजनिक मूरिंग (होडी बांधायचा तरंगता बोया) मोकळं मिळालं तर उत्तम. वर चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावलेला असू द्या. साडेचार-पावणेपाच मीटरच्या छोट्या होडीत रात्री लाइफजॅकेट घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि कायदा नसता तरी मी कुणाला ते काढू दिलं नसतं. त्या दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते. निघताना व्हीएचएफ रेडिओवर मरीन रेस्क्यू या बचाव संस्थेकडे नोंद करा आणि परतल्यावर आठवणीने नोंद बंद करा.

मासेमारीची फी भरलेली असायला हवी. मी वर्षाची भरते, तीन दिवसांचीही मिळते. एका माणसाने किती मासे ठेवायचे याची मर्यादा न्यू साउथ वेल्सच्या फिशस्मार्ट ॲपमध्ये असते, निघायच्या दिवशी ती उघडून बघा. आम्हा चौघांच्या घराला दोन मासे पुरतात, तिसऱ्यानंतर मी दांड्या आवरते.

सामान फार लागत नाही. सहा ते आठ किलो वजन पेलणाऱ्या दोरीची साधी दांडी, मधल्या आकाराचं रील. महत्त्वाची आहे ती तार. या माशाचे पुढचे दात सुईसारखे आणि टोकाला वळलेले असतात, नुसता तंगूस तो कात्रीने कापल्यासारखा तोडतो. नायलॉनचा थर असलेली तार घ्या, हातभर पुरे. जाड तार घेतलीत तर मासा आमिष तोंडात धरून सोडून देतो, म्हणून बारीक घ्या आणि प्रत्येक माशानंतर ती बोटांत धरून बघा. थर सोललेला लागला की बदला. तारेच्या वर स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), स्विव्हलच्या वर मोकळं सरकणारं छोटं शिसं. शिसं जितकं हलकं चालेल तितकं.

गळ ४/० मापाचे, तीन एकात एक अडकवलेले. आमिष पिल्चर्ड, म्हणजे तारलीसारखा छोटा मासा. पूर्ण सुटलेला, मऊ पिल्चर्ड गळावर टिकत नाही, म्हणून तो अर्धवट गोठलेला असतानाच लावायचा. वरचा गळ डोळ्यातून, मधला पोटाच्या बाजूने, शेवटचा शेपटीच्या मुळाशी. मासा खालून येऊन शेपटीकडून चावतो, त्यामुळे शेवटचा गळ शेपटीपासून दोन बोटं जरी वर राहिला तरी रोज अर्धा पिल्चर्ड परत येईल. पिल्चर्डपेक्षा चांगलं आमिष म्हणजे यलोटेल नावाचा छोटा जिवंत मासा. दिवस असतानाच धक्क्याजवळ पावाचा चुरा टाकून छोट्या गळाने सात-आठ धरून बादलीत ठेवा. पाठीच्या परापाशी कातडीतून एकच गळ घालायचा, मणक्याला लागू द्यायचा नाही.

आमिषाच्या वर हातभर अंतरावर मोडली की उजळणारी हिरवी कांडी रबराने बांधा. काहीजण म्हणतात तिची गरज नाही. मी कांडीची आणि बिनकांडीची दोरी शेजारी शेजारी टाकून बघितलं आहे आणि कांडी लावल्याशिवाय आता जात नाही. काम झालं की कांडी घरी न्यायची, पाण्यात सोडायची नाही.

आता खोली. नवीन माणसं इथेच चुकतात. सगळे गळ तळाला टाकून बसतात आणि ‘आज मासा नाही’ म्हणून उठतात. हेअरटेल तळाचा मासा नाही. पाण्यात तो चक्क उभा राहतो, तोंड वर आणि शेपटी खाली, आणि ज्या थरात छोटे मासे असतील त्या थराच्या खाली थांबतो. तो थर रात्रभर वरखाली होत असतो. तीन दांड्या असतील तर एक तळापासून वावभर वर, एक मध्यावर, आणि एक फ्लोटला बांधून पृष्ठभागापासून तीन-चार मीटरवर. दोरी सोडताना एक एक हात मोजून सोडा आणि आकडा लक्षात ठेवा. सात हातांवर मासा लागला की बाकीच्या दोन्ही दोऱ्या ताबडतोब सात हातांवर आणा. थवा त्या थरात पंधरा-वीस मिनिटं असतो आणि मग हलतो. मग दोऱ्या परत तीन वेगवेगळ्या थरांत वाटून द्या. अर्धा तास काहीच झालं नाही तर प्रत्येक दोरी दोन हात वर घ्या. रात्रीचं काम म्हणजे मुख्यतः हेच, बाकी थंडी आणि थर्मास.

आणि चावा. हा लिहून कसा सांगू, पण प्रयत्न करते. दांडी काठाला टेकवून दोरी तर्जनीवर घ्या. पहिल्यांदा टक् असं काहीतरी लागतं, छोट्या माशाने टोचल्यासारखं. मग काही नाही. मग पुन्हा टक्. या वेळी मासा आमिष दातात आडवं धरून बघत असतो, गिळत नाही. बोट हलवायचं नाही. मग बोटावरचा भार जातो. शिशाचं वजन जिथे जाणवत होतं तिथे काहीच उरत नाही, दोरी पाण्यावर सैल वळण घेऊन पडते. मासा आमिष घेऊन वर निघालेला असतो. शेजारचे आजोबा इथे मोठ्याने दहापर्यंत मोजायला लावायचे. मी मनात मोजते. दहा झाले की रील हळू फिरवून सैल दोरी भरून घ्यायची आणि वजन परत लागलं की दांडी एका लयीत वर उचलायची, जशी विहिरीतून भरलेली कळशी उचलतो तशी. हिसका नाही.

सुरुवातीला तो ओल्या फडक्यासारखा येतो, वाटतं सुटला. होडीचा उजेड दिसला की मात्र उलटा फिरतो आणि जोर लावतो, मागच्या मागे पोहत जातो. ड्रॅग (रीलचा ब्रेक) थोडा सैल ठेवला असेल तर तार तुटत नाही. मग पाण्याखाली आधी हिरवी कांडी दिसते आणि तिच्या खाली, दिव्याच्या झोतात, आरशाची लांबच लांब पट्टी वळताना दिसते. अकरा वर्षं झाली, पण त्या क्षणी माझ्या तोंडातून अजून ‘आली, आली’ निघतं, आणि होडीतले सगळे उभे राहतात. उभं राहू नका.

जाळीच्या भानगडीत पडू नका, एवढा लांब मासा तिच्यात मावत नाही. जाड हातमोजा घालून तार धरायची आणि एका झोक्यात थेट झाकणाच्या उभट टपात. गळ लगेच काढायला जाऊ नका. डोक्याच्या मागे सुरी घालून आधी मासा मारा, मग लांब चिमट्याने गळ सोडवा. मेलेल्या माशाचे दातही तितकेच धारदार असतात. माझ्या नवऱ्याने एकदा कोल्डबॉक्समधून बर्फ काढताना बर्फाखालच्या डोक्यावर अंगठा घासला होता. टाके पडले, आणि ती रात्र सात वाजताच संपली. तेव्हापासून आमच्याकडे डोकं होडीतच कापून वेगळ्या पिशवीत जातं. अंग वेटोळं करून बर्फ आणि समुद्राच्या पाण्याच्या मिश्रणात ठेवा. हे मांस मऊ आहे, तासभर उघडं राहिलं तरी पिचतं.

घरी आल्यावर खवले काढायचं काम नाही. ओल्या फडक्यावर मीठ घेऊन चांदी पुसून काढायची, हाताला ती रंगासारखी लागते. चार बोटं रुंद तुकडे, दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा, हळद, तिखट, मीठ, आगळ, आणि तांदळाच्या पिठात थोडा रवा. तवा चांगला तापल्यावरच टाका आणि एकदाच उलटा, नाहीतर तुटतात.

शेपटीकडचा निमुळता भाग तळून मजा येत नाही, नुसते काटे. तो मी टाकत नाही. पोटातून उघडून, तासभर मिठात ठेवून, धुऊन, जाळीच्या कपाटात गॅलरीत टांगते. ऑगस्टमध्ये इथे पश्चिमेकडून कोरडा वारा सुटतो, त्यात तीन दिवसांत कडक होतो. रात्री आत घ्यायचा, दव लागू द्यायचं नाही. मोडला की कट् आवाज आला पाहिजे. वाकला तर अजून एक दिवस.