हिडन ऑब्जेक्ट गेममध्ये ‘बॅट’ सापडत नाही?

या गेममध्ये चित्रात लपलेल्या वस्तू यादीवरून शोधायच्या असतात. त्यातली एखादी वस्तू काही केल्या दिसेना, तर लगेच हिंट (मदतीचं बटण) दाबू नका. आधी त्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ आठवा. ‘बॅट’ म्हणजे आढ्याला लटकलेलं वटवाघूळ असू शकतं, ‘बो’ म्हणजे धनुष्य किंवा रिबिनीची गाठ, ‘क्रेन’ म्हणजे चक्क पक्षी. एकदा मी अख्खी खोली धुंडाळली तरी ‘नेल’ मिळेना. तो खिळा नव्हताच, पुतळ्याच्या बोटावरचं नख होतं! तो क्षण मला फार आवडतो, म्हणून हिंट वाचवते. २००५ मधल्या ‘मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल’ या गेमपासून याद्यांचा हा प्रकार घरोघरी पोचला. आणि हो, अंदाधुंद क्लिक नकोत. बऱ्याच गेममध्ये त्याने कर्सर थोडा वेळ अडकतो किंवा वेळ कापला जातो.