घरच्या स्टिरिओसाठी म्युझिक सर्व्हर घेताय? या चुका टाळा

गाणी वाजवायला कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न ठरलेला: "आय फाईव्ह घेऊ की आय सेव्हन?" बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, हाच प्रश्न. गाणी ठेवणार कुठे आणि ती डिस्क उडाली तर काय, हे कुणी विचारत नाही.

प्रोसेसरचं एकदा मिटवून टाकू. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, सेकंदाला साधारण १४११ किलोबिट. एवढं काम माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉपही निवांत करतो. रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर व्हॉल्युमिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकलं तरी भागतं. रून वापरायचं असेल तर मात्र आय थ्री प्रोसेसर आणि एसएसडीचा, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कचा, विचार करा. रून हे गाणी वाजवायचंच, पण पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याची भूकही मोठी आहे. पण हॉलमध्ये गेमिंगचा टॉवर आणून ठेवू नका. भीमसेनांचा विलंबित ख्याल सुरू झाला की तानपुऱ्यामागून पंख्यांची घरघर ऐकू येते, आणि पंखे काही सुरात नसतात. हॉलमध्ये बिनपंख्याची पेटी, फिरणाऱ्या डिस्का आतल्या खोलीत, मध्ये लॅनची केबल. वायफायवर भरवसा ठेवू नका. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या भिंती त्याला दाद देत नाहीत.

"दोन डिस्का आहेत की!"

या वाक्यानं माझं डोकं फिरतं. शहापुरात ओळखीचे एक काका आहेत. नाट्यसंगीत आणि किराणा घराण्याच्या सीड्या त्यांनी एकेक करून फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न घटवता साठवणाऱ्या फाईलींमध्ये, उतरवल्या. त्यातच गावातल्या घरगुती बैठकींच्या कॅसेटी होत्या, ज्या दुसरीकडे कुठेच नव्हत्या. एका पेटीत दोन डिस्का, रेड वन लावलेलं, म्हणजे एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. काका निर्धास्त. सीड्या वाटून टाकल्या, कॅसेटी भंगारात.

मे महिन्यात वळीव आला. वीज कडाडली, लाईट दोनदा गेली-आली, आणि पेटीचा पॉवर सप्लाय जाताना दोन्ही डिस्का घेऊन गेला. मी पोचलो तेव्हा काका एवढंच म्हणाले, "गेलं की वो सगळं." सीड्यांतली बरीच गाणी पुन्हा मिळाली. बैठकी गेल्या त्या गेल्याच.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क बंद पडली तर गाणं थांबू नये, एवढ्यासाठीच ते असतं. चुकून फोल्डर डिलीट केलात तर ते दोन्हीकडून तितक्याच तत्परतेनं उडतं. माझी पद्धत साधी आहे: एक यूएसबी डिस्क कपाटात, वायर काढून; दुसरी खानापूरला बहिणीकडे. नवीन गाणी भरली की आधी कपाटातली काढायची, बहिणीकडची पुढच्या खेपेला बदलायची. सर्व्हरला दोन हजार कमी घाला, पण या डिस्का घ्या. घरच्या इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण (लाईट गेली की क्षणात बॅटरीवर नेणारं) असेल तर ते चालू ठेवा. आणि रास्पबेरी पायचा प्लग तसाच उपटू नका. मेमरी कार्ड बिघडतं, मग मला फोन येतो.

एक गवई, चार नावं

सर्व्हर फाईलचं नाव बघत नाही, आतला टॅग बघतो, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेली गायक, अल्बम वगैरे माहिती. 'पं. भीमसेन जोशी', 'भीमसेन जोशी', इंग्रजीतलं स्पेलिंग आणि कन्नड लिपीतलं नाव हे त्याच्या लेखी चार वेगळे गवई. सीमाभागात तर घरोघरी तिन्ही लिप्यांतल्या सीड्या. घाईवाले आधी सगळं भरतात, "नंतर नीट करू" म्हणतात. ते नंतर कधी उजाडत नाही, आणि मल्लिकार्जुन मन्सूर यादीत तीन ठिकाणी सापडतात. मी एकच लिपी, एकच स्पेलिंग धरतो, 'पंडित' गाळतो, रागाचं नाव अल्बमच्या रकान्यात टाकतो. शास्त्रशुद्ध नसेल, पण मारवा शोधला की मारवा मिळतो. एमपीथ्रीटॅग या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून हातानं करा. आपोआप टॅग भरणारी सॉफ्टवेअरं हिंदुस्तानी संगीतात हमखास गोंधळ घालतात.

बाकीच्या चुका

एमपीथ्रीचं फ्लॅक करू नका. एमपीथ्री करताना गाळला गेलेला आवाज परत येत नाही, डिस्क तेवढी भरते.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून अँप्लिफायरला वायर नेऊ नका. बेताचा का होईना, यूएसबी डॅक घ्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी बाहेरची डबी.

विंडोज असेल तर प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड लावा, नाहीतर सिस्टिमचा मिक्सर मध्ये हात घालतो आणि व्हॉट्सॅपची टिंगटिंगही स्पीकरवर येते.

स्पीकरमधून घूं असा आवाज आला की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. आवाज जातोही, पण शॉक बसायची सोय होते. पिन राहू द्या. कॉम्प्युटरला ऑप्टिकल आउटपुट आणि डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल तर त्या दोघांमधली जोडणी ऑप्टिकल केबलनं करा. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे तो घूं पुढे सरकत नाही.