थंडीत गाडीचं दार उघडेना? हॅंडल ओढण्याआधी हे वाचा

निफाडचा पारा ५ अंशांखाली उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि अंगणात उघड्यावर लावलेल्या गाडीचं दार आखडतं. हवा ३-४ अंशांवर असताना बर्फ कुठून आला? निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गाडीचा पत्रा आकाशाकडे उष्णता टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. त्यावरचं दव गोठायला तेवढं पुरतं.

मला हे सासुरवाडीला कळलं. संध्याकाळी नाशकात गाडी धुऊन घेतली आणि ओली तशीच निफाडला नेऊन बागेच्या कडेला लावली. सकाळी साडेसहाला हॅंडल ओढलं. दार ढिम्म. मग एक पाय गाडीला टेकवून ओढलं, तर हॅंडलच हातात आलं. मेहुणा चहाचा कप घेऊन मागे उभा होता. म्हणाला, "दाजी, ओढायच्या आधी लोटायचं असतं." त्यानं मागच्या दाराला कमरेनं दोन धक्के दिले, पापड मोडल्यासारखा आवाज झाला आणि दार उघडलं.

म्हणून पहिलं काम म्हणजे नेमकं काय अडकलंय ते ओळखणं.

लॉक उघडलं, पण दार सुटत नाही. दाराभोवतीचं रबर, म्हणजे बीडिंग, चौकटीला चिकटलंय. दार आतल्या बाजूला दाबा, कडेकडेनं, सगळीकडे. काचेवर नाही, पत्र्यावर. बर्फाची पापडी मोडली की मग हलक्या हातानं ओढा. नाहीच जमलं तर दुसरी दारं, डिकी बघा, एखादं उघडतंच. आत शिरून इंजिन आणि हीटर चालू करा, दार आपोआप सैल होतं. उकळतं पाणी मात्र ओतू नका. गार काच तडकू शकते, आणि तेच पाणी फटीत उतरून पुन्हा गोठतं.

किल्ली आत जात नाही किंवा फिरत नाही. जोर लावला तर किल्ली आत तुटेल. किल्लीच्या छिद्रात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडा. शुद्ध स्वरूपात ते उणे ८९ अंशांपर्यंत गोठत नाही. हाताला लावायचं पातळ सॅनिटायझरही वेळ निभावतं. मिनिटभर थांबून किल्ली आतबाहेर करा. तोंडानं फुंकर मारू नका, श्वासातली वाफ आत जाऊन गोठते. लायटरनं किल्ली तापवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, पण आजच्या बहुतेक किल्ल्यांच्या डोक्यात चिप असते. ती बिघडली तर दार उघडेल, गाडी सुरू होणार नाही. आणि अल्कोहोल टाकल्यावर लायटर तर जवळही आणायचा नाही. बाटली खिशात किंवा घरात ठेवा. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली तर ती बंद दाराच्या आतच राहते.

दार उघडलं, पण बंद होत नाही. हे सगळ्यात चिडवणारं. दाराच्या कडेला, दार चौकटीला धरून ठेवणारा लॅचचा आकडा असतो, तो अर्धवट अडकलेला असतो. आपण दार आपटत राहतो आणि आकडा आणखी वाकडा करतो. आपटू नका. दार उघडंच ठेवून, बाहेरचं हॅंडल ओढून धरा आणि आकडा स्क्रूड्रायव्हरनं मोकळा करा. अल्कोहोल मारा किंवा घरात हेअर ड्रायर असेल तर त्याची गरम हवा द्या. मग हॅंडल सोडून आकडा स्क्रूड्रायव्हरनं दाबा. दोन वेळा 'टक्' झालं पाहिजे. हॅंडल ओढल्यावर तो झटकन उघडला पाहिजे. असं दहा-पंधरा वेळा. दार दोरीनं बांधून गाडी हाकणारे महाभाग मी बघितलेत. त्यांच्यात सामील होऊ नका.

आता खरं सांगायचं तर नाशिकच्या सिडको-इंदिरानगरात पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत बर्फाचा संबंध क्वचितच असतो. तिथं दोषी असतं ते जुनं ग्रीस. वर्षभराची धूळ खाऊन ते काळं, चिकट होतं आणि थंडीत आणखी घट्ट होतं. ओळखायचं कसं? दुपारी उन्हात तोच लॅच सुरळीत चालतो, पण ग्रीसला बोट लावलं तर काळा चिकटा येतो. डब्ल्यूडी-४० स्प्रे मारून मळ काढा, फडक्यानं पुसा. पण तिथंच थांबू नका. त्याचं मुख्य काम पाणी हटवणं आणि जाम सोडवणं, ते ग्रीसची जागा घेत नाही. लॅचला पांढरं लिथियम ग्रीस लावा, अगदी पातळ. किल्लीच्या छिद्रात मात्र ग्रीस नको, तिथं ग्रॅफाइटची पूड.

बीडिंगसाठी सिलिकॉन स्प्रे, नाहीतर मेडिकलमधलं ग्लिसरीन कापडावर घेऊन चोळा. पेट्रोलियम जेली किंवा इंजिन ऑइल लावाल तर रबर फुगून सैल पडेल. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजलेली असतात. काडीनं मोकळी करा. आणि थंडीच्या रात्री बाहेर लावायची गाडी संध्याकाळी धुऊ नका. धुतलीच तर चारही दारं उघडून चौकट कोरडी पुसा.

मनाली किंवा काश्मीरला स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्या नाशिककरांना एक जास्तीचं काम. रिमोटचा सेल थंडीत मंदावतो आणि ऐन वेळी गाडी ओळखच दाखवत नाही. स्मार्ट कीच्या पोटात लोखंडी किल्ली लपलेली असते, आणि ड्रायव्हरच्या हॅंडलवर, बऱ्याच गाड्यांत टोपीखाली, तिचं छिद्र असतं. वर्षानुवर्षं न वापरल्यानं ते आतून जाम झालेलं असतं. निघण्याआधी एखाद्या दुपारी, उन्हात, ती किल्ली काढून दार एकदा उघडून बघा.