एम्बेडेडच्या सामायिक यादीत या चुका टाळा

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात नोकरी करणारे काही इंजिनिअर आणि ठाणे-वाशीकडच्या कॉलेजांतली मुलं असा आमचा गट आहे. एम्बेडेड (म्हणजे यंत्रांमधल्या छोट्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणं) शिकायला लागणारं साहित्य आम्ही एका शीटमध्ये गोळा करतो. त्यातली सर्वांत महाग चूक माझ्याच हातून झाली: डेटाशीटची (चिपची माहिती देणाऱ्या उत्पादकाच्या कागदाची) पीडीएफ उतरवून ड्राइव्हवर ठेवली आणि यादीत त्या प्रतीची लिंक दिली.

पुढे नेरुळची एक मुलगी पिको २ या छोट्या बोर्डवर अडकली. बटण सोडलं तरी पिन शून्यावर येईना, मीटरवर २.२ व्होल्टच्या आसपास. आमच्या प्रतीतल्या ई९ नावाच्या इराटामध्ये (चिपच्या दोषाच्या नोंदीत) दोष फक्त आतल्या पुल-डाउनचा (पिन शून्याकडे ओढणाऱ्या रेझिस्टरचा) असल्यासारखं लिहिलं होतं. म्हणून तिने तो बंद करून बाहेरून १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला. तरी तेच. तीन संध्याकाळी ती स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत राहिली. खरं कारण डेटाशीटच्या ताज्या आवृत्तीत होतं. पिको २ वरच्या आरपी२३५० चिपच्या ए२ आवृत्तीत अशा वेळी पिनमधून सुमारे १२० मायक्रोअँपिअर करंट गळतो. तो ओढून घ्यायला ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लागतो. चिपच्या ए४ आवृत्तीत हा दोष काढलाय. आमची प्रत चिप बाजारात आली तेव्हाची, ऑगस्ट २०२४ ची होती.

तेव्हापासून लिंक थेट उत्पादकाच्या पानाची देतो आणि इराटासाठी वेगळा रकाना ठेवतो. एसटी कंपनीच्या एसटीएम३२ चिपसाठी तर हे हवंच, कारण तिथे पिना आणि व्होल्टेज डेटाशीटमध्ये, रजिस्टरची माहिती रेफरन्स मॅन्युअलमध्ये आणि चिपचे दोष तिसऱ्याच कागदात असतात. नवशिक्या मुलांना बहुतेक वेळा पहिलाच कागद माहीत असतो.

पण नुसत्या लिंकवरही विसंबू नका. फ्रीस्केल ही चिप कंपनी २०१५ मध्ये एनएक्सपीत गेली, अ‍ॅटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपकडे, आणि जुन्या पत्त्यांवरचं बरंच काही हललं. कागदाचा क्रमांक लिहिलेला असला, उदाहरणार्थ एसटीएम३२एफ१०३ साठी आरएम०००८, तर लिंक मेली तरी कागद सापडतो.

'उदाहरण चालत नाही' अशी तक्रार आली की लगेच नोंद उडवू नका. आधी विचारा: बोर्ड कोणता, टूलची आवृत्ती कोणती? ईएसपी३२ चिपसाठीचं टूल ईएसपी-आयडीएफ ४ वरून ५ वर गेलं तेव्हा एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) आणि टायमरचे ड्रायव्हर बदलले. उदाहरण बरोबर असतं, आवृत्ती लिहायची राहिलेली असते. ब्लू पिल या एसटीएम३२ बोर्डचं दुखणं वेगळं. चिपमध्ये प्रोग्राम भरणारं ओपनओसीडी 0x1ba01477 या चिपच्या ओळख-क्रमांकाच्या जागी 0x2ba01477 सापडल्याची तक्रार करत असेल, तर बोर्डवर बहुधा एसटीची नाही, नकली चिप आहे. कॉन्फिगमध्ये आकडा बदलून काम पुढे सरकतं, पण ही ओळ नोंदीशेजारी नसेल तर मुलगा वायरी तपासत रात्र घालवतो.

काढून टाकायला जीव होत नाही, हीसुद्धा चूकच. एम्बेड ओएस हे आर्म कंपनीचं सॉफ्टवेअर जुलै २०२६ मध्ये थांबणार हे आर्मने २०२४ मध्येच सांगितलं, तरी आमच्या 'इथून सुरुवात करा' या भागात ते कित्येक महिने तसंच होतं. कोणी तरी कष्टाने लिहिलेली नोंद पुसताना वाईट वाटतं, हे मला कळतं. म्हणून आम्ही ती 'जुने प्रकल्प सांभाळण्यासाठी' या भागात हलवतो. नव्याने शिकणाऱ्याच्या वाटेत मात्र ती दिसता कामा नये.

आणि स्वतः वापरल्याशिवाय नोंद घालू नका. आमच्याकडे आता प्रत्येक ओळीपुढे तीनच गोष्टी असतात: कोणी चालवलं, कोणत्या बोर्डवर, कोणत्या महिन्यात. वर्षभर कोणी चालवलं नाही की ओळ पिवळी होते. रविवारी भेटलो की पिवळ्या ओळींपैकी एक निवडतो, बोर्ड काढतो आणि चालवून बघतो.