कॅनडातल्या ऑंटारिओत गाड्यांच्या डायग्नोस्टिकच्या (बिघाड शोधण्याच्या) कामाला येताय? आधी अर्थिंग तपासा

निघण्यापूर्वी एकच काम करा. जिथे जिथे नोकरी केलीत, तिथून लेटरहेडवर पत्र घ्या: कधीपासून कधीपर्यंत होतात आणि नेमकं काय काम केलंत. ऑंटारिओत ३१०-एस, म्हणजे मोटार मेकॅनिकचं काम, हा सक्तीचा ट्रेड आहे. लायसन्स किंवा अप्रेंटिसची नोंदणी नसेल तर गाडीला हात लावता येत नाही. मायदेशातला अनुभव ‘स्किल्ड ट्रेड्स ऑंटारिओ’ या लायसन्स देणाऱ्या संस्थेकडे कागदानिशी सिद्ध केला, तरच परीक्षेला बसता येतं. पास व्हायला ७० टक्के लागतात. आपले काहीजण घाईने ओळखीच्यांच्या अंगणात रोखीने गाड्या दुरुस्त करायला लागतात. ते तास पुढे कुठेच धरले जात नाहीत, वर्षं मात्र जातात.

हातातली हत्यारं बहुतेक ठिकाणी स्वतःची आणावी लागतात. गॅरेजोगॅरेजी ट्रकमधून हत्यारं विकणारा टूल ट्रकवाला उधारीवर हत्यारांची मोठी पेटी देऊ करेल, घेऊ नका. चांगला मल्टिमीटर आधी घ्या.

आता जे जीव तोडून सांगायचंय ते. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एक पिकअप आली. मध्येच सुरू व्हायची नाही, स्कॅनरवर यू०१०० हा कोड, म्हणजे इंजिन मॉड्यूलशी (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी) संपर्क तुटलेला. मी मॉड्यूल गेलं म्हणून लिहून दिलं. नवीन बसवलं, प्रोग्राम केलं. चार दिवसांनी गाडी तशीच परत. सीनियरने मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिन ब्लॉकला, आणि मला क्रँक मारायला, म्हणजे स्टार्टर फिरवायला सांगितलं. १.४ व्होल्ट! तिथे फार तर ०.२-०.३ दिसायला हवेत. अर्थ स्ट्रॅपचा (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणाऱ्या वायरचा) बोल्ट काढला, तर खाली हिरवी भुकटी. इथे बर्फावर मीठ टाकतात, ते असं आत शिरतं. प्रोग्राम केलेलं मॉड्यूल कोणी परत घेईना. खर्च गॅरेजने सोसला, माझे तास बुडाले आणि वर्षभर मला अवघड गाडी कोणी दिली नाही.

कोड आला म्हणजे पार्ट गेला असं नसतं. आधी बॅटरी, मग अर्थ, मग मॉड्यूलला येणारा सप्लाय, तेही लोड देऊन, म्हणजे करंट वाहत असताना. संपर्काचा कोड असेल तर बॅटरी काढून, स्कॅनर लावतो त्या सॉकेटच्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत साठच्या आसपास दिसायला हवेत. एकशेवीस दिसले तर एक टर्मिनेटर (संपर्काच्या वायरच्या टोकाचा रेझिस्टर) तुटलाय किंवा मधली वायर. तोवर मॉड्यूलचं नाव काढू नका.

पगार बऱ्याच ठिकाणी फ्लॅट रेटवर असतो. त्या कामाला पुस्तकात ठरवून दिलेले तास मिळतात, शोधाशोधीचे आपोआप मिळत नाहीत. आपली माणसं इथेच गप्प बसतात, ‘हो, बघतो’ म्हणतात आणि दोन तास फुकट घालवतात. गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला सुरुवातीलाच सांगा: एक तास मंजूर करून घ्या, तेवढ्यात काय सापडतं ते सांगतो, पुढे लागलं तर परत विचारा. हे उद्धटपणाचं मानत नाहीत. उलट न विचारता वेळ घालवलेला चालत नाही.

वर्क ऑर्डरवर (कामाच्या कागदावर) तक्रार, कारण, दुरुस्ती तिन्ही लिहा आणि मोजलेले आकडेही लिहा. ‘अर्थ खराब’ एवढंच नको. ‘क्रँक करताना १.४ व्होल्ट, साफ केल्यावर ०.१’ असं लिहा. गिऱ्हाईक भांडायला आलं तर तो कागद तुमच्या बाजूने बोलतो.