एआय चित्रातील मोडकी देवनागरी अक्षरे : माझा अनुभव

लातूर येथे सोयाबीन-तुरीच्या बाजारभावाचे अ‍ॅप तयार करताना पहिल्या पडद्यासाठी मी एआयकडून चित्रे काढून घेत होतो. चित्र उत्तम येई, पण त्यावरील 'सर्वसाधारण दर' या शब्दांतला रफार 'व'ऐवजी 'स'वर चढलेला, 'धा'चा काना गळालेला आणि शिरोरेषा मध्येच तुटलेली असे. मजकूर अवतरणचिन्हांत दिला, रोमन लिपीत दिला, साधनही बदलून पाहिले. चार संध्याकाळी यातच वाया गेल्या. अशी साधने बहुधा अक्षरे लिहीत नाहीत, अक्षरांसारखे आकार रंगवतात, आणि जोडाक्षरांची मांडणी तर फॉन्टच्या नियमांनीच नीट होते.

शेवटी एआयला द्यायच्या सूचनेतून मराठी मजकूर पूर्ण काढला आणि 'वरचा एक तृतीयांश भाग मोकळा, एकरंगी. पाटी, अक्षरे, आकडे नकोत' असे लिहिले. तरीही सोयाबीनच्या पोत्यांवर खोटी छपाई उमटली, म्हणून 'छपाई नसलेली कोरी तागाची पोती' हे शब्द वाढवले. नंतर ते चित्र फिग्मा या डिझाइनच्या साधनात ठेवून, मांडणी ठरवण्यासाठी 'मुक्ता' या देवनागरी फॉन्टमध्ये मजकूर स्वतंत्र थरावर टाइप केला. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या 1.5 पट ठेवली, त्यामुळे वेलांटी आणि रफार कापले गेले नाहीत. अ‍ॅपसाठी चित्र फिग्मातून बाहेर काढताना मात्र हा थर बंद केला आणि मजकूर अ‍ॅपच्या कोडमध्येच ठेवला. ही पायरी कृपया गाळू नये, कारण चित्रातच रंगवलेला मजकूर फोनमधील अक्षरांचा आकार वाढवणाऱ्या वयस्क शेतकऱ्याला मोठा दिसत नाही.