‘लागू नाही’ लिहिण्याआधी: ज्येष्ठांची हिस्ट्री घेताना या चुका टाळा

नाशिकला वॉर्ड पोस्टिंगवर आलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी रुग्णांची हिस्ट्री (विचारून घेतलेली माहिती) लिहिलेल्या केस शीट तपासताना मी आधी एकच रकाना बघते, लैंगिक आरोग्याचा. रुग्ण पस्तिशीचा असला तर तिथे दोन ओळी तरी असतात. साठी ओलांडलेला असला की ‘लागू नाही’. कोणाला विचारून लिहिलंस, म्हटलं की उत्तर ठरलेलं: “मॅडम, आजोबा आहेत ते!”

पहिली चूक हीच, वय बघून रकाना भरणं. अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३००५ जणांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. ६५ ते ७४ वयातल्या ५३ टक्के लोकांचे आधीच्या वर्षभरात जोडीदाराशी संबंध आले होते. पंचाहत्तरीपुढे २६ टक्के. आकडे तिकडचे, गंगापूर रोडचे नाहीत, हे कबूल. मला त्यातला दुसराच आकडा बोचतो. पन्नाशीनंतर डॉक्टरांशी या विषयावर बोललेले पुरुष ३८ टक्के आणि बायका २२. तिकडे ही गत, तर पंचवटीतल्या आजी आपण होऊन कशाला तोंड उघडतील?

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. शिकत असताना माझ्याकडे दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार होते, चौसष्ट वर्षांचे. बीपी वाढून ॲडमिट. गोळ्या का सोडल्या विचारलं तर म्हणाले, “कमजोरी येते.” मी प्रामाणिकपणे ‘अशक्तपणा’ लिहिलं, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट शोधला आणि मोड आलेली मटकी खायला सांगितली. काका मान डोलावत राहिले. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या ब्रदरनं पडदा ओढून विचारलं, “काका, गोळी सुरू झाल्यापासून काकूंजवळ काही अडचण येते का?” पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी औषध बदललं.

तेव्हा ‘कमजोरी’, ‘उष्णता’, ‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ असे शब्द कानावर आले की तिथेच थांबा. बीपीची थायाझाइड आणि काही बीटा ब्लॉकर औषधं, नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या यांनी ही संबंधांतली तक्रार होऊ शकते. सगळ्यांनाच होत नाही, पण ज्याला होते तो गोळी गुपचूप बंद करतो. काही जण मेडिकलमधून परस्पर ताठरतेसाठीची ‘ती’ गोळी (सिल्डेनाफिल, टाडालाफिल) आणतात आणि खरा धोका तिथे आहे. छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाला जिभेखाली नायट्रेट (हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) देण्याआधी हे विचारलंच पाहिजे. सिल्डेनाफिल घेऊन २४ तास किंवा टाडालाफिल घेऊन ४८ तास उलटले नसतील तर नायट्रेट देत नाहीत. रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो. ‘आजोबा आहेत ते’ म्हणून हा प्रश्न गाळलात तर लाजेची किंमत दुसरा कोणी मोजतो.

आजींच्या बाबतीत तर प्रश्नच विचारला जात नाही. ‘आग होते’ म्हटलं की लघवीची तपासणी, बस. पाळी गेल्यानंतर येणारा कोरडेपणा, त्यामुळे संबंधांच्या वेळी होणारा त्रास, यावर साधी वंगण जेल किंवा डॉक्टरांनी दिलेलं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ‘अंग बाहेर येतं’ म्हणून योनीमार्गात आधाराची रिंग बसवलेली बाई मनातल्या मनात ‘आता नवऱ्याजवळ जायचं की नाही’ असं घोकत घरी जाते. साधी रिंग असेल तर सहसा चालतं; तरी डॉक्टरांना विचारून सांगा, पण सांगा. आणि पाळी गेल्यावर ‘जरा डाग दिसतो’, विशेषतः संबंधांनंतर, हे ऐकलंत तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यात कॅन्सरची शंका असते.

सुनेसमोर विचारू नका. सून हिस्ट्री सांगायला उत्साही असते, पण तिला चहा आणायला पाठवा. सुरुवात अशी करता येते: “बऱ्याच जणांना या औषधानंतर नवरा-बायकोच्या संबंधात फरक जाणवतो. तुम्हाला काही?” जोडीदार गेलेला असला तरी प्रश्न संपत नाही, फक्त ‘नवरा-बायको’ हा शब्द गाळा.

म्हातारचळ हा शब्द नर्सिंग स्टेशनवर बंद. डिमेन्शियातले (स्मृतिभ्रंश झालेले) आजोबा कपडे काढतात तेव्हा कित्येकदा त्यांना उकडत असतं किंवा लघवीला जायचं असतं. पार्किन्सनच्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या गोळ्यांनी लैंगिक इच्छा अनावर वाढू शकते. तो चावटपणा समजू नका, डॉक्टरांना कळवा. मात्र समजून घेणं म्हणजे सहन करणं नव्हे. कोणी मुद्दाम अंगाला हात लावला तर हात बाजूला करून स्पष्ट ‘नाही’ म्हणा, इन्चार्ज सिस्टरना सांगा, नोंद करा. एकोणीस वर्षांच्या मुलीनं ‘जाऊ दे, वयस्कर आहेत’ म्हणत गिळायचं काही कारण नाही.

आणि खरंच धीर झाला नाही तर रकान्यात ‘विचारलं नाही’ असं लिहा. त्याचे मार्क मी कापत नाही. संध्याकाळच्या ड्यूटीची सिस्टर ते वाचून विचारते.